वजन उतरले, मनाचे काय?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर शरीर काही महिन्यांत बदलते. मनाला मात्र जास्त वेळ लागतो. या काळात रुग्णाला आधार कोण देणार? मोठ्या शहरापासून दूर असलेल्या ताडकळससारख्या गावात हा प्रश्न अधिक अवघड होतो.

लठ्ठपणावरील म्हणजे बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेची महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली ती २०११ मध्ये. त्या वर्षी नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले, तेव्हा त्यांचे वजन ५०० किलोच्या आसपास असल्याचे सांगितले जात होते. पुढे त्यांना अबुधाबीला हलवण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्या काळात किती किलो उतरले, याच्या बातम्या सतत येत होत्या. अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईच्या मनाची चर्चा फारशी झाली नाही. सर्वसामान्य रुग्णाच्या बाबतीतही हेच होते.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात. 'बायपास' प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पोट लवकर भरते, भुकेची संप्रेरके बदलतात आणि वजन उतरू लागते. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे अशा त्रासांतही मोठा फरक पडतो. योग्य रुग्णासाठी ही शस्त्रक्रिया खरोखर उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही.

पण खाण्यामागची कारणे जठरात नसतात. राग, एकटेपणा, कर्जाची चिंता, घरातली भांडणे यांवर उतारा म्हणून अनेक जण खातात. शस्त्रक्रियेनंतर तो उतारा एका दिवसात बंद होतो आणि चिंता तशीच राहते. मग काहींची पावले दारूकडे वळतात. बायपासनंतर दारू रक्तात लवकर भिनते, त्यामुळे धोका वाढतो. अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचे प्रमाण वाढलेले आढळले.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेच्या युटा राज्यात बायपास झालेल्या सुमारे ८ हजार रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ व्यक्तींच्या तुलनेत त्यांच्यातील एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी होते. मधुमेहाने होणारे मृत्यू तर ९२ टक्क्यांनी घटले. पण अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्त कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील २०१६ च्या अभ्यासातही शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना सुमारे दीडपट झाल्याचे दिसले.

असे टोक फार थोड्या रुग्णांच्या वाट्याला येते. म्हणून शस्त्रक्रियेला घाबरण्याचे कारण नाही. तरीही टाके निघाले म्हणजे उपचार संपले, असे मानता येणार नाही.

मन मागे का राहते?

पहिले काही महिने उत्साहाचे असतात. कपडे सैल होतात, गुडघे दुखत नाहीत. त्याच काळात केस गळतात, कातडी लोंबू लागते. आरशात अजूनही जुनेच शरीर दिसते, अशी तक्रार अनेक रुग्ण करतात. साधारण एक ते दीड वर्षानंतर वजन उतरणे थांबते, काहींचे थोडे वाढतेही. तेव्हा 'एवढे पैसे घालवून पुन्हा हेच' ही अपराधी भावना मनात घर करते आणि लाजेपायी रुग्ण तपासणीला जाणेच बंद करतो.

शरीरातील कारणेही असतात. बी-१२, बी-१ किंवा लोह कमी पडले तर थकवा, विसराळूपणा, उदासी येते. काही मानसोपचाराच्या गोळ्या बायपासनंतर पूर्वीसारख्या शोषल्या जात नाहीत. उदास रुग्णाला 'मन खंबीर कर' असे सांगण्याआधी त्याचे रक्त तपासले पाहिजे आणि गोळ्यांचा डोसही डॉक्टरांकडून पाहून घेतला पाहिजे.

गावात अडचण कुठे येते?

पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या रुग्णाला या शस्त्रक्रियेसाठी मोठे शहर गाठावे लागते. महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष अशा फेरतपासण्यांसाठी दर वेळी प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. प्रकृती बरी वाटू लागली की पहिली फेरी वगळली जाते ती समुपदेशकाची.

घरात आणि गावात दुसरीच परीक्षा असते. आपल्याकडे माया ताटातूनच दाखवली जाते. लग्नाची पंगत असो, हुरडा असो की अधिक मासातले धोंड्याचे जेवण, दोन घासांत हात आखडणाऱ्याला 'आमचं गोड लागत नाही का?' असे ऐकावे लागते. बायपास झालेल्याने आग्रहाखातर गोड खाल्ले तर घाम, धडधड, जुलाब असा त्रास होऊ शकतो. न खाल्ले तर लोक रुसतात. बारीक झालेल्या माणसाला 'काही मोठा आजार तर नाही ना?' असे विचारले जाते. शस्त्रक्रियेचे कळले की 'पैसे देऊन बारीक झाला' हा टोमणा ठरलेला.

सुनांची कोंडी अधिक मोठी. मूल होण्यात अडचण म्हणून वजन कमी करायला सांगितले जाते. शस्त्रक्रियेनंतर मात्र १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी लागते. घरच्यांना हे आधी समजावले नसेल तर तोच काळ तिला सर्वांत जड जातो. नातीही बदलतात. स्वीडनमधील २०१८ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर घटस्फोट आणि विभक्त होणे वाढले, तसेच एकट्या व्यक्तींची नवी नाती आणि लग्नेही वाढली.

मग करायचे काय?

शस्त्रक्रियेआधी मानसिक तपासणी व्हावी, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत. ती केवळ सहीपुरती नसावी. शस्त्रक्रियेचा जो एकरकमी खर्च रुग्णालय सांगते, त्यातच पुढच्या दोन वर्षांचे समुपदेशन धरलेले असावे. दूरच्या रुग्णांसाठी ते फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर सहज शक्य आहे. एक बैठक घरच्यांसोबत, विशेषतः स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्यक्तीसोबत व्हायला हवी.

विमा नियामकाच्या नियमांनुसार ठरावीक निकषांत बसणाऱ्या रुग्णाला या शस्त्रक्रियेसाठी विमा मिळू शकतो. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणे विमा द्यावा, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी दाखल झालेल्या रुग्णाचाच खर्च देतात, समुपदेशकाची फी खिशातूनच जाते. पोट कापायला लाखो रुपये आणि मन सावरायला काहीच नाही, ही तफावत विमा कंपन्यांनी दूर केली पाहिजे.

तोवर एक सोय हाताशी आहे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २४ तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. झोप उडाली, दारू वाढली, जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. आणि घरच्यांनी 'किती किलो उतरले?' या प्रश्नाआधी 'कसं वाटतंय?' एवढे विचारायला हवे.