दवाखान्यापासून एक तास

माझे मामू गेले तेव्हा मी नववीत होतो. खामगाव तालुक्यातल्या एका खेड्यात ते मक्त्याने शेती करत. कापूस फुटायला लागला की रात्री जागलीला जात आणि खोपडीत जमिनीवरच चादर टाकून झोपत. त्या दिवशी पहाटे पोट दुखतंय म्हणत घरी आले. नानीने ओव्याचं पाणी दिलं. थोड्या वेळाने त्यांच्या पापण्या जड झाल्या. ‘नींद पूरी नहीं हुई होगी,’ नानी म्हणाली. अंगावर जखम नव्हती, सूज नव्हती. नऊच्या सुमारास त्यांना थुंकी गिळता येईना, तेव्हा कुणाला तरी सापाचा संशय आला. मग पायाला सुतळी आवळून बांधली, दम करणाऱ्याला बोलावलं. ऑटो मिळून खामगावच्या रस्त्याला लागेपर्यंत दुपार झाली होती. मामू रस्त्यातच गेले.

‘अल्लाह की मर्जी,’ सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत मोठा झालो.

पंधरा वर्षांनंतर नोकरीनिमित्त पुण्यात असताना ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने सह्याद्रीत ट्रेकिंग करू लागलो. एकदा डोंगरातल्या प्रथमोपचाराच्या शिबिराला गेलो. प्रशिक्षकाने एक प्रसंग सांगितला. माणूस रात्री जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखू लागलं. मग पापण्या मिटायला लागल्या. कुठेच सूज नाही. काय झालं असेल? वर्गात कुणालाच सांगता येईना. ‘मण्यार,’ प्रशिक्षक म्हणाले. ‘तिचा दात बारीक, दंश बहुधा दुखत नाही, झोपेत कळतही नाही. पापणी मिटायला लागली की समजायचं, यानंतर श्वासाची पाळी आहे.’ मी उठून बाहेर गेलो. आमच्या घरात ज्या चार-पाच तासांत ओव्याचं पाणी, सुतळी आणि दम एवढंच झालं, त्या तासांत नेमकं काय चाललं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

त्या शिबिरात आणखी एक गोष्ट कळली. डोंगर-जंगलातल्या वैद्यकाची एक वेगळी शाखाच आहे आणि तिची ढोबळ व्याख्या सोपी आहे: जिथून पक्क्या उपचारापर्यंत पोहोचायला तासाहून जास्त वेळ लागतो, ते सगळं दुर्गम. मी मनातल्या मनात मामूंच्या शेताचा हिशेब केला. काळ्या मातीतली चिखलाची पांदण, मग डांबरी रस्ता, तिथे वाहनाची वाट पाहणं, मग खामगाव. पावसाळ्यात दोन तास कुठे गेले नाहीत. म्हणजे आम्ही महागडे बूट घालून शनिवार-रविवारी ज्या दुर्गम भागात जात होतो, तिथे मामू आयुष्यभर राहत होते. आम्हाला शिकवायला प्रशिक्षक होता. त्यांना कुणी काही शिकवलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण असं की ‘साहसी शिक्षण’ म्हटलं की आपल्या मोहल्ल्यात लोक हसतात. हे पैसेवाल्यांचे चोचले, असं आपल्याला वाटतं. त्याचा उगम मात्र चोचल्यांत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडत होती. जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांना दिसलं की बोटीत अडकल्यावर तरणेबांड खलाशी आधी दम तोडतात आणि वयस्कर खलाशी तग धरतात. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले शिक्षक कुर्ट हान यांच्या साथीने १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे त्यांनी तरुणांसाठी शाळा काढली. तिचं नाव आउटवर्ड बाउंड. आज जगभर चालणाऱ्या साहसी शिक्षणाचं एक मोठं मूळ तिथे आहे. ते कष्टकरी पोरांचा जीव वाचवण्यासाठी सुरू झालं होतं.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं तर डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं घ्या. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा माणूस. १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचू चावलेली माणसं तिथे पटापट दगावत. त्यांनी रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध कामी येतं हे दाखवून दिलं. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शंभरातले चाळीसपर्यंत दगावत, तो आकडा एकाच्या आसपास आला. हे संशोधन शेतात, भाताच्या पेंढ्यांत, अनवाणी पायांत घडलेलं आहे. त्यावर पहिला हक्क शेतात राबणाऱ्यांचा आहे.

आता आपण काय करतो ते बघा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातल्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या समुद्रावर गेली आणि १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत बहुतेक आपल्या घरांतली मुलं-मुली होती. त्या दिवसाचं दुःख अजून शिळं झालेलं नाही. पण त्यातून आपण शिकलो काय? सहल बंद. पाण्याजवळ जायचं नाही. डोंगर नको, जंगल नको. ओहोटीचं पाणी माणसाला कसं ओढतं, बुडणाऱ्याच्या मागे उडी का मारायची नाही, दोर किंवा रिकामा डबा कसा फेकायचा, हे शिकवणारा एक तास कितीशा शाळांत सुरू झाला? बंदी घातली की मोठ्यांची काळजी मिटते. पोराला मात्र पाण्याबद्दल काहीच कळलेलं नसतं आणि पाणी तर गावात आहेच.

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, हात-पाय निसटत राहतात. काठाच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला एक दोर जीव वाचवू शकतो. त्या दोराला काय खर्च येतो?

सापाचंही तसंच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष आपल्याकडेच तयार होतं, मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. प्रश्न त्या बाटलीपर्यंत वेळेत आणि धड पोहोचण्याचा आहे.

त्यासाठी शिकायचं ते दोन तासांत शिकून होतं. घाबरलेल्याला धीर द्या, चालायला लावू नका. अंगठी, बांगडी, पैंजण आधी काढा, कारण सूज आली की ते रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तशी बांबूची कामटी लावून हात किंवा पाय हलणार नाही असा बांधा. सुतळी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, साप पकडत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा आणि जिथे प्रतिविष आहे त्याच दवाखान्यात जा. जागलीला जाणाऱ्याने खाटेवर झोपावं, मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये. आणि पहाटे विनाकारण पोट दुखलं, पापणी जड झाली, तर ओवा नाही, दवाखाना.

यावर मला तीन गोष्टी ऐकवल्या जातात.

पहिली, शिफा देणारा अल्लाह आहे. बेशक आहे. पण आधी उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावं, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो! दुआ गाडीत बसूनही करता येते. दम करणाऱ्या बुजुर्गांशी भांडायची गरज नाही, त्यांनाच सोबत घेतलं पाहिजे. लोक पहिल्यांदा त्यांच्याकडे धावतात, म्हणून ‘दम करतो, पण गाडीत’ हे त्यांनी म्हटलं तर ते माझ्या शंभर लेखांपेक्षा जास्त कामाचं ठरेल.

दुसरी, शिकून काय उपयोग, दवाखान्यात सोय कुठे असते? ही तक्रार खरी आहे. प्रतिविष, ते द्यायला निर्धास्त डॉक्टर आणि श्वास चालू ठेवायचं यंत्र ही सरकारची जबाबदारी आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्याचा जाब तालुक्याच्या पातळीवर विचारलाच पाहिजे. पण काय असायला हवं हे ज्याला माहीत असतं, तोच जाब विचारू शकतो.

तिसरी गोष्ट मुलींची. ‘पोरींना कशाला हे?’ अहो, कापूस वेचायला कोण जातं? सकाळी धुऱ्यावरच्या गवतातून चालत जाऊन, खाली न बघता बोंडांत हात घालणाऱ्या बाया आपल्याच खाला, फुप्पी आहेत. त्या वेचणीला निघतात तेव्हा कुणी परवानगी मागायला लावत नाही. त्यांच्या मुली शिबिराला निघाल्या की सगळ्यांना लाज आठवते. माझ्या मते पहिला वर्ग त्यांचाच भरायला हवा.

खामगाव-बुलडाणा रस्त्यावर ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेतं, रस्ते, गावं ओलांडत शेकडो किलोमीटर चालून तिथे आला, तेव्हा आपल्या मोबाइलवर त्याचे फोटो फिरले. मोहल्ल्यातल्या किती पोरांनी ते जंगल पायी पाहिलंय? बसच्या खिडकीतून दिसतं तेवढंच. तिथे वन विभागाच्या परवानगीने, जाणत्या माणसासोबत एक दिवस चालावं. अस्वलाची विष्ठा कशी ओळखायची, वीज कडाडली तर एकट्या झाडाखाली का थांबायचं नाही, उन्हात बरळायला लागलेल्या माणसावर आधी पाणी का ओतायचं, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. शिवाय भीती ओळखीची होते, आणि ओळखीची भीती माणसाला सावध करते.

माझं म्हणणं एवढंच आहे. दरवर्षी पेरणीच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, प्रत्येक उर्दू आणि मराठी शाळेत, मशिदीच्या नाहीतर समाजमंदिराच्या आवारात दोन तास काढा. एक डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका, चार कामट्या, जुनी ओढणी, एक दोर. कुठल्याही जातीधर्माच्या मजुराला येऊ द्या, साप नाव विचारून चावत नाही.

गेल्या वर्षी मी हा प्रयोग नानीच्या गावात केला. बावीस माणसं आली, त्यांत चौदा बाया. मामूंची नात, सातवीतली, तिने आपल्या आजीच्या पायाला ओढणीने कामटी बांधून दाखवली. मामी पाय लांब करून बसल्या होत्या. बांधून झाल्यावर त्या बराच वेळ पायाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘इत्ताच करना था क्या?’

मामी, एवढंच नव्हतं. वेळेत निघायचंही होतं. पण सुरुवात एवढीच होती.