कॅन्सर बरा झाला, दुखणं मागे राहिलं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कशी करावी, यावर जगात चर्चा सुरू झाली की धाराशिव जिल्ह्याचा दाखला निघतो. जुन्याच नावाने, उस्मानाबाद म्हणून. ऑक्टोबर १९९९ मध्ये इथे सुरू झालेल्या अभ्यासात ४९७ गावांतल्या, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांचं हे काम. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने त्याचे निष्कर्ष छापले. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झाली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सरकारी सेवेवरच राहिलेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४.

जीव कसे वाचवायचे हे या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दाखवून दिलं. वाचलेल्या बाईचं पुढे काय होतं, याची चौकशी मात्र फारशी कुणी करत नाही.

आजार पुढे गेलेला असेल तर रेडिएशन द्यावं लागतं, बाहेरून आणि योनिमार्गाच्या आतूनही. गाठ जळते, पण शेजारची नाजूक त्वचाही होरपळते. पुढच्या काही महिन्यांत योनिमार्ग कोरडा पडतो, आक्रसतो, त्याच्या भिंती एकमेकींना चिकटू लागतात. संबंध असह्य होतात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे फेरतपासणीच्या वेळी डॉक्टरांना आतलं नीट दिसत नाही, आणि कॅन्सर उलटला तर तो लवकर हाती लागत नाही.

यावरचा उपाय दिसायला अगदी साधा आहे. प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या गुळगुळीत नळकांड्या, बोटाएवढ्या जाडीपासून चढत्या आकाराच्या. त्यांना डायलेटर म्हणतात. रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांनी, आतली सूज उतरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुरुवात करायची. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, पाण्यात विरघळणारी जेली लावायची, श्वास सोडत नळी हळूहळू आत सरकवायची आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची. आठवड्यातून दोन-तीन वेळा, तेही महिनोन्महिने. नंतर साबणाने धुऊन कोरडी करायची. एखादा रक्ताचा डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही. रक्त जास्त गेलं किंवा दुखणं वाढलं तर थांबून दवाखाना गाठायचा.

या उपायाची बढाई मारण्यात अर्थ नाही. त्यामागचा पुरावा मुख्यतः रुग्णांच्या निरीक्षणांवर उभा आहे, आणि रेडिएशन चालू असताना डायलेटर वापरला तर इजा होऊ शकते, असा इशारा जाणकारांनीच दिला आहे. म्हणून तो स्वतःच्या मनाने नव्हे, शिकून घेऊनच वापरायचा.

पण शिकवणार कोण, आणि वापरायचा कुठे? दोन खोल्यांचं घर, पडद्यापलीकडे सासू आणि पोरं, न्हाणीला धड कडी नाही. अशा घरात दहा मिनिटांचा एकांत मिळवणं हेच बाईपुढचं मोठं काम असतं. विधवेला तर ‘आता तुला काय करायचंय’ हे शब्द ऐकावे लागतात. हा इलाज फक्त नवरा-बायकोच्या संबंधांसाठी नाही, पुढच्या प्रत्येक तपासणीसाठी तो लागतो, हे घरच्यांना रुग्णालयातून बाहेर पडण्याआधीच सांगायला हवं.

कॅन्सर नसलेल्या बायकांचं दुखणंही याच अंधारात आहे. काहींचे ओटीपोटाखालचे स्नायू भीतीने किंवा वेदनेने आपोआप आवळले जातात. लग्नानंतर वर्षं उलटली तरी संबंध जमत नाहीत आणि दोष बाईच्या कपाळी येतो. फिजिओथेरपी, समुपदेशन आणि डायलेटर यांच्या जोडीने यांतल्या बऱ्याच जणींना आराम पडतो. आपल्याकडे मात्र ओटीपोट दुखतंय, अंगावरून जातंय म्हटलं की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला तयार असतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. धाराशिवमधूनही टोळ्या तोडीला जातातच.

धाराशिवला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गावोगावी आशाताई आहेत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या प्रत्येक बाईला घरी जाताना डायलेटरचा संच मोफत मिळावा, तो कसा वापरायचा हे एखाद्या परिचारिकेने दार लावून मराठीत समजावावं, आणि फेरतपासणीच्या कार्डावर ‘दुखतं का?’ हा प्रश्न छापलेला असावा. आरोग्य खात्याने ही सुरुवात धाराशिवपासूनच करावी.