ज्युलिएटची भावशबलता आणि तिचा विवेक

‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या शोकात्म प्रेमनाट्याच्या नायिकेविषयी आपल्या वर्गाध्यापनात एक ठरीव विधान रूढ झाले आहे : ज्युलिएट ही कोवळ्या वयाची, भावनेच्या आवेगात वाहून जाणारी मुलगी असून तिच्या मनात प्रेम आणि कुलनिष्ठा यांचा झगडा चालू असतो. हे विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे या व्यक्तिरेखेतील सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे तिची विचारशक्ती, नजरेआड होते, असे माझे मत आहे.

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश या दृष्टीने बारकाईने वाचावयास हवा. विवाह होऊन जेमतेम तीन तास लोटले आहेत. ज्युलिएट रात्रीची वाट पाहत आहे. दाई येते ती आक्रोश करीतच. पण कोण मेले हे ती सांगत नाही. ज्युलिएट प्रथम रोमिओ गेला असे समजते, मग रोमिओ आणि मामेभाऊ टिबॉल्ट असे दोघेही गेले असे समजते. अखेर सत्य कळते ते असे की, टिबॉल्ट मेला आहे, रोमिओने त्याला मारले आहे आणि रोमिओला हद्दपारीची शिक्षा झाली आहे. ज्युलिएटच्या तोंडून पतीविषयी संतापाचे उद्गार निघतात. सुंदर आणि घातकी, पवित्र आणि पतित अशा परस्परविरोधी पदांच्या जोड्यांमागून जोड्या ती उच्चारीत जाते.

या भाषेवर जुना आक्षेप आहे. ऐन दुःखातही या नाटकातील पात्रांना कोटी करण्याचा मोह आवरत नाही, अशा अर्थाचा अभिप्राय सॅम्युएल जॉन्सनने १७६५ मध्ये दिला होता. त्यापूर्वी, १७४८ मध्ये, गॅरिकने आपल्या रंगावृत्तीतून शब्दखेळ आणि यमकांचा खणखणाट काढून टाकण्याचा प्रयत्न केला होता. याच प्रवेशात ‘होय’, ‘मी’ आणि ‘डोळा’ या अर्थांचे, इंग्रजीत एकाच उच्चाराचे तीन शब्द ज्युलिएट एकमेकांवर आपटते. शोकात श्लेष कसा सुचतो, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु दाईच्या एका ‘होय’वर जिचे अस्तित्व टांगले आहे, तिला ‘होय’ आणि ‘मी’ हे शब्द वेगळे उरतीलच कसे? येथे श्लेष हा अलंकार नसून संकटाचे नेमके स्वरूप आहे.

आपल्या काव्यशास्त्रात या अवस्थेला नाव आहे. दोन भाव समबळाने एकत्र येतात तो भावसंधी. अनेक भाव एकामागून एक येऊन आधीच्याला दडपीत जातात ती भावशबलता. ज्युलिएटच्या या प्रवेशाला ‘भावशबलता’ ही संज्ञा चपखल बसते. मात्र येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. भावशबलतेची चर्चा भावांच्या आस्वाद्यतेपाशी थांबते. ज्युलिएटचे भाव मात्र एका निर्णयापाशी जाऊन पोहोचतात. दाई जेव्हा तिच्याच सुरात सूर मिळवून रोमिओला दोष देते, तेव्हा ती एकदम उलटते. आपण पतीची निंदा केली तर त्याची बाजू घेणार कोण, हा तिचा पहिला प्रश्न. रोमिओने टिबॉल्टला का मारले, हा दुसरा. आणि त्याचे उत्तर ती स्वतःच देते : न मारता तर तोच मारला गेला असता. येथे कार्यकारणाची साखळी आहे, पुराव्याची तपासणी आहे. मग ती आपल्याच अश्रूंना परत फिरविते, कारण पती जिवंत असताना ते चुकीच्या ठिकाणी वाहत आहेत. भावनेची ही उलटतपासणी आहे. हद्दपारी हा शब्द टिबॉल्टच्या मृत्यूहून भयंकर का, हे तिला यानंतरच उमगते.

येथे वयाचा मुद्दा येतो. आर्थर ब्रुकच्या १५६२ मधील आधारकाव्यात ज्युलिएट सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने तिला चौदाही पूर्ण होऊ दिली नाहीत आणि ब्रुकच्या कथेतील काही महिन्यांचा काळ पाच दिवसांत आणला. वय घटविले ते तिला अजाण ठरविण्यासाठी, असा अर्थ सहज लावला जातो. मला तो उलट वाटतो. जिच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षाच नाही, अशा मुलीला चार-पाच दिवसांत सर्व वडीलधाऱ्यांहून प्रौढ व्हावे लागते, हा या शोकात्मिकेचा गाभा आहे. संमतिवयाच्या १८९१च्या कायद्याने ती मर्यादा दहावरून बारावर नेली, त्यावर रान उठविणाऱ्या आणि १८९९ मध्ये देवलांची ‘शारदा’ पाहणाऱ्या महाराष्ट्राला तेरा वर्षांच्या मुलीचे लग्न नवे नव्हते. नवे होते ते तिने स्वतः ठरविणे.

पुढील प्रवेश याची साक्ष देतात. आईशी बोलताना ती टिबॉल्टचा शोक आणि रोमिओची ओढ एकाच वाक्यात अशी गुंफते की, आईला एक अर्थ कळतो आणि आपल्याला दुसरा. दाई पॅरिसशी लग्न करण्याचा व्यवहारी सल्ला देते, तेव्हा ती वाद न घालता मनातून तिच्याशी नाते तोडते. चौथ्या अंकात औषध घेण्यापूर्वी धर्मगुरूच्या हेतूपासून तळघरात अवेळी जाग येण्यापर्यंत एकेक शक्यता ती तपासते. भीती जात नाही. तरीही ती पेला रिता करते.

यावर कोणी म्हणेल की, विवेक होता तर शेवट असा का झाला? विवेक ही यशाची हमी नव्हे. न पोहोचलेले एक पत्र आणि दोन घराण्यांचे वैर यांचा दोष तिच्या अल्लडपणावर ढकलणे हे वाचन सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’च्या अनुवादाला ‘विकारविलसित’ हे नाव दिले. तरीही हॅम्लेटच्या द्विधेला आपण तत्त्वचिंतन म्हणतो आणि ज्युलिएटच्या द्विधेला भावविवशता. ही मोजमापे वेगळी का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. ‘ज्युलिएटच्या मनातील भावनिक संघर्ष स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी ‘ज्युलिएट कोणत्या क्रमाने विचार करते?’ एवढे जरी आपण विचारू लागलो, तरी मराठी नाटकांतील अनेक तरुण नायिकांच्या वाचनालाही नवी दिशा मिळेल.