पोस्टकार्डावर नाव कोणाचे?

फोटोचा ‘पोस्टकार्ड साईज’ हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या दुकानातून आणलेला बाबासाहेबांचा फोटो, नोकरीच्या गावाहून भावाने पाकिटात घालून पाठवलेला बाळाच्या बारशाचा फोटो, सगळे साधारण त्याच मापाचे. परंतु त्या मापाचे छायाचित्र आपण स्वतः काढावे, स्पर्धेला पाठवावे आणि जाणकार मंडळी त्यावर काय म्हणतात ते खाली बसून ऐकावे, असा योग आमच्या घरी कधी आला नव्हता. तो गेल्या पावसाळ्यात आला. बक्षिसाचे म्हणाल तर मोठे काही हाती लागले नाही. पण परीक्षकांच्या एका शेऱ्याने आमच्या घरात जी चर्चा सुरू झाली ती अजून पुरती मिटलेली नाही. म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या उपनगरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळाने ही स्पर्धा ठेवली होती. विषय होता, ‘माझ्या परिसराचे पोस्टकार्ड’. नियम सोपे होते. चार बाय सहा इंचांची प्रत, मागे फक्त शीर्षक आणि क्रमांक, स्पर्धकाचे नाव वेगळ्या बंद पाकिटात. कॅमेरा कोणताही चालेल, मोबाईलसुद्धा. आणि प्रत्येक छायाचित्राला परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळेल. या शेवटच्या ओळीने आम्हांला ओढून नेले. हल्ली फोटो दाखवला की लोक अंगठा दाखवतात आणि पुढे जातात. त्यातून शिकायला काही मिळत नाही.

परिसर म्हणजे आम्हांला कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ही लेणी, काळ्या बेसाल्टच्या डोंगरात कोरलेल्या शंभराहून अधिक गुंफा. मुंबईकर तिथे सहलीला जातात, डबा खातात आणि बहुधा तीन नंबरचे मोठे चैत्यगृह पाहून परततात. जुलैतल्या एका रविवारी आम्ही, आमच्या सौ. आणि कॉलेजात जाणारी कन्या असे तिघे पोहोचलो. प्रत्येकाने आपल्याला वाटेल ते एक छायाचित्र काढायचे, असे ठरले होते.

आम्ही अर्थातच चैत्यगृह काढले. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या बुद्धांच्या प्रचंड मूर्ती कोणाला मोहात पाडणार नाहीत? कन्या वरच्या बाजूला चढून गेली. पावसाचे पाणी टाक्यांत नेण्यासाठी खडकात पन्हळी खोदलेल्या आहेत, त्यांतून पाणी पळत होते. तिने ते पळते पाणी आणि टाक्याचे तोंड एवढेच घेतले. आमच्या सौ. मात्र लेण्यांपर्यंत गेल्याच नाहीत म्हणा ना. पायथ्याशी टोपली घेऊन काकड्या विकणाऱ्या एका मावशींजवळ त्या थांबल्या, काकडी खाल्ली, गप्पा मारल्या आणि तासाभराने विचारून त्यांचा फोटो काढला. मावशी टोपलीमागे ताठ बसल्या आहेत, मीठमसाल्याचा डबा हाताशी आहे, मागे लेण्याच्या पायऱ्या चढत जातात. फोटो स्पर्धेला पाठवणार आणि मागे तुमचे नाव लिहिणार, हेही सौ.नी त्यांना सांगितले. मावशी म्हणाल्या, “लिवा की. माजंच नाव हाय.”

प्रती छापायला गेलो तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली, ती वाचकांच्या उपयोगाची आहे. मोबाईल बहुधा चारास तीन या प्रमाणात चित्र घेतो. चार बाय सहाचा कागद तीनास दोन या प्रमाणातला. आडव्या चित्राची पूर्ण रुंदी ठेवली तर उंचीचा नववा हिस्सा कापावाच लागतो. तो वरून कापायचा की खालून, हे दुकानदारावर सोडले तर कोणाचे तरी डोके नाहीतर पाय जातात. म्हणून दुकानात उभे राहून पडद्यावर आपणच कापणी ठरवावी. दुसरे असे की या मापाच्या चांगल्या छपाईला १८०० गुणिले १२०० ठिपके पुरतात, म्हणजे साधारण बावीस लाख. आजचा साधा मोबाईलही याहून कितीतरी जास्त देतो. तेव्हा महागडा कॅमेरा नाही म्हणून स्पर्धेपासून दूर राहण्याचे कारण नाही. फक्त फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवू नये, तो लहान होऊन पोहोचतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

ऑगस्टात अभिप्रायाची सभा झाली. एका शाळेच्या वर्गात दोऱ्या बांधून चिमट्यांनी सगळी छायाचित्रे लावली होती. परीक्षक तिघे. त्यांतले ज्येष्ठ गृहस्थ हयातभर स्टुडिओ चालवलेले, बोलायला मृदू पण नजर करडी.

आमच्या चैत्यगृहावर शेरा असा: ‘मांडणी नीटस. आकाश पांढरे फटक झाल्याने मूर्तींची कड हरवते. हे दृश्य यापूर्वी अनेकदा पाहिलेले.’ पहिल्या भागाचा खुलासा त्यांनी फळ्यावर करून दाखवला. आत अंधार आणि बाहेर उजेड असला की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाही. पडद्यावर उजेडाच्या भागाला बोट लावले की आकाश शाबूत राहते, अंधाराचा भाग नंतर थोडा उजळता येतो. अंधाराला बोट लावले तर आकाश जाते आणि गेलेले आकाश परत आणता येत नाही. इतक्या सोप्या शब्दांत हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. शेऱ्याच्या तिसऱ्या वाक्यावर आमचे म्हणणे राखून ठेवतो. अनेकदा पाहिलेले खरे, पण कोणी पाहिलेले?

कन्येच्या पाण्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. शेरा होता, ‘शीर्षकाशिवाय चित्र कळत नाही, शीर्षकासह विसरता येत नाही.’ तिचे शीर्षक होते ‘सामिदत्ताची पोढी’. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत पाण्याच्या टाक्याला पोढी म्हटले आहे, आणि टाके कोणी दान केले हे तिथेच दगडावर कोरलेले असते. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने असे एक टाके दिले. त्याचे नाव, त्याचा धंदा, त्याचे गाव, तिन्ही गोष्टी तिथे आहेत. राजाचे नाव टिकणे यात नवल नाही, पण एका सोनाराचे नाव शेकडो पावसाळे खाऊन टिकले आहे. पोरीने हे कुठून वाचले ते आम्हांला माहीत नव्हते. बापाला अभिमान वाटणारच.

आता सौ.च्या छायाचित्राकडे येऊ. त्याला मांडणीचे गुण आमच्या चैत्यगृहापेक्षा जास्त होते, हे आधी नोंदवतो. पण शेरा असा होता: ‘प्रकाश उत्तम, चेहरा बोलका. व्यक्तीचे नाव शीर्षकात अनावश्यक. “काकडीवाली, कान्हेरी” असे शीर्षक पोस्टकार्डास अधिक शोभले असते.’

सौ. उठल्या. त्या सभेत फारशा बोलत नाहीत, पण उठल्या. “सर, त्यांचं नाव त्यांनी स्वतः सांगितलंय. मग ते अनावश्यक कसं?”

ज्येष्ठ परीक्षकांनी शांतपणे उत्तर दिले. “वहिनी, कार्ड विकत घेणारा माणूस त्या बाईंना ओळखत नाही. त्याला कान्हेरीची आठवण हवी असते. नाव आलं की ते कार्ड न राहता एका व्यक्तीचा फोटो होतो.”

“व्यक्तीचाच आहे,” सौ. म्हणाल्या आणि बसल्या.

परीक्षकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पोस्टकार्डाची रीत त्यांनी बरोबर सांगितली. ती रीत कशी पडली हे मात्र पाहण्यासारखे आहे. पोस्टकार्ड ही वस्तू प्रथम १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाली, आपल्या देशात १८७९ साली आली. चित्र असलेली कार्डे पुढच्या काळात बोकाळली. सुरुवातीला एक पूर्ण बाजू पत्त्यासाठी राखलेली असे, त्यामुळे मजकूर चित्राच्याच कडेला कोंबून लिहावा लागे. १९०२ साली ब्रिटनने मागची बाजू मधोमध विभागायला परवानगी दिली, पत्ता उजवीकडे, मजकूर डावीकडे, आणि पुढची बाजू पूर्णपणे चित्राची झाली. मग हिंदुस्थानातली कार्डे साहेबलोकांनी गठ्ठ्यांनी घरी पाठवली. त्यांवर राजवाडे आणि देवळे होती, तशी माणसेही होती. पण माणसांच्या खाली छापलेले असे काय? भिस्ती. धोबी. आया. झाडूवाला. नाच करणारी बाई. राजाचा फोटो असला तर खाली राजाचे नाव. पाणी वाहणाऱ्याचा असला तर पखालीचे नाव.

कार्डांच्या आधीही हेच चालले होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते, म्हणजे हौशी छायाचित्रकारांची परंपरा आपल्या शहरात चांगली जुनी आहे. त्याच शहरात जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे फोटो पुस्तकरूपाने काढले. पुढे सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले, तेही जातीजमातींच्या नमुन्यांचे. नमुना म्हटले की नावाची गरज संपते. एक धोबी दुसऱ्या धोब्याच्या जागी चालतो.

ज्यांच्या आजा-पणजांना गावात नावाऐवजी जातीनेच हाका मारल्या गेल्या, त्या आपल्या वाचकांना यापुढे काही उलगडून सांगायला नको.

कन्येने घरी येताना बसमध्ये विचारले, “सोनाराचं नाव दगडावर चालतं, मावशींचं कागदावर का नाही?” या प्रश्नाला परीक्षकांनी काय उत्तर दिले असते ते आम्ही त्यांना विचारलेले नाही. पुढच्या सभेत विचारू. माणूस ऐकून घेणारा आहे. सौ.च्या छायाचित्रात सकाळचा तिरका उजेड चेहऱ्याच्या एका बाजूने कसा येतो आणि त्याने सुरकुत्या कशा जिवंत होतात, हे त्यांनीच सगळ्या सभेला दोरीजवळ बोलावून दाखवले होते. एक शेरा पटला नाही म्हणून बाकीचे टाकून देण्यात शहाणपण नाही. कागदावर जे दिसते त्याबद्दलचा शेरा निमूट घ्यावा, तो बहुतेक वेळा बरोबर असतो. कागदावर काय असावे याबद्दलचा शेरा असेल तिथे आपणही तोंड उघडावे.

स्पर्धेत उतरू पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. संरक्षित लेण्यांत तीन पायांचा स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. दुसरी सूचना कागदपत्रांची. प्रवेशिकेच्या मागे बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण आपल्यासाठी काढलेल्या छायाचित्राचा हक्क आपला असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. काही ठिकाणी प्रवेशिकेवर सही करताच चित्र हवे तसे वापरण्याची मुभा आयोजकांना मिळते. प्रदर्शनापुरती मुभा असेल तर हरकत नाही. जाहिरातीसाठीही वापरू असे लिहिले असेल तर सही करण्याआधी विचार करा, विशेषतः चित्रात दुसऱ्या कोणाचा चेहरा असेल तेव्हा.

मावशींचे नाव आम्ही या सदरात छापलेले नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. त्यांनी होकार दिला तो फोटोच्या मागे लिहायला, साप्ताहिकात छापायला नव्हे. तो वेगळा विचारावा लागेल.

सप्टेंबरात सौ. त्या छायाचित्राची एक प्रत घेऊन पुन्हा कान्हेरीला गेल्या, या वेळी कन्येला सोबत घेऊन. मावशींनी हात पदराला पुसले, फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “ताई, काकड्या दिसंनात की नीट. पानांखाली ऱ्हायल्या. सांगितलं असतंस तर वर मांडल्या असत्या.” मागे वळवून त्यांनी आपले नाव पोरीकडून वाचून घेतले. लेक सासरी वाड्याला असते, तिच्यासाठी आणखी एक प्रत पाहिजे म्हणाल्या. ती छापून तयार आहे. काकड्या वर मांडून नवा फोटो काढायचा, असेही ठरले आहे.