केबिनची ऊब ही चैन नव्हे
लेहला माल पोचवून आलेला एक ट्रकचालक या आठवड्यात भेटला. ३,५२८ मीटर उंचीच्या झोजिलावर त्याच्या केबिनमधला हीटर नुसती कोमट फुंकर घालत होता, आणि गॅरेजवाल्याचा सल्ला एकच: हीटर बदला! मंडळी, मला हे मुळीच पटत नाही. हीटर बिचारा उसन्या उबेवर जगतो. इंजिनातून फिरून आलेलं गरम कूलंट जे देईल, तेच तो केबिनला वाटतो. म्हणून आधी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहावी. मग इंजिन तापलं की हीटरला जाणारे दोन्ही पाईप जपून चाचपावेत. दोन्ही कोमट, तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर: तो उघडाच अडकला, की रेडिएटर इंजिनाला तापूच देत नाही. एक गरम आणि एक गार, तर हीटरची कॉइल गाळाने तुंबलेली, व्हॉल्व्ह बंद किंवा आत हवा अडकलेली. दोन्ही चटका देत असतील, तर दोष ब्लोअरचा नाहीतर हवेच्या झडपेचा. एवढी तपासणी पाच रुपयांचाही सुटा भाग न घेता होते. नव्या मोठ्या ट्रकांना २०२५मध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे उत्तमच. पण थंडीचीही तितकीच काळजी हवी. बधिर बोटांनी, धूसर काचेतून घाट उतरणाऱ्या माणसाचा हीटर ब्रेकइतक्याच काटेकोरपणे तपासला पाहिजे, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीमालकानेच उचलला पाहिजे.