रिकामं बेसमेंट

परवा मलकापूरहून आतेभावाचा फोन. (मलकापूर म्हणजे आमचं शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. बुलढाण्याचं नव्हे, कराडजवळचंही नव्हे. दरवेळी सांगावं लागतं!) त्याचं टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान आहे. त्याच कॉम्प्लेक्सखालचं बेसमेंट कित्येक वर्षं रिकामं पडलंय आणि मालक ते स्वस्तात द्यायला तयार आहे.

"दादा, नुसती खोकी ठेवायची हाईत. त्याला नगरपरिषदेची परवानगी कशाला पायजे? कोण यायलंय बघायला?"

खरं सांगायचं तर मला आधी त्याचंच पटलं. रिकामी जागा, न जळणारा माल, कुणाला त्रास नाही. पण म्हटलं, मंजूर नकाशा तर बघ. नकाशात तिथं लिहिलंय 'पार्किंग'. रॅम्प इतका उभा की आजवर एकही गाडी खाली उतरलेली नाही. सगळ्या बाइक्स रस्त्यावर!

आता गंमत बघा. बेसमेंटमध्ये माल ठेवायला नियमांची ना नाही. डिसेंबर 2020 पासून मुंबई महापालिका आणि असे काही मोजके अपवाद सोडले तर राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, यूडीसीपीआर. सहसा न जळणारा माल बेसमेंटमध्ये ठेवता येतो. उंची किमान 2.4 मीटर हवी, हवा खेळती हवी, पावसाचं पाणी आत यायला नको. अडचण फक्त 'पार्किंग' या शब्दाची. वापर बदलणं हाही 1966 च्या नगररचना कायद्यानुसार 'विकास'च, म्हणजे आधी परवानगी. पार्किंग दुसरीकडे दाखवून सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा. याच्या कॉम्प्लेक्समागं मोकळी जागा आहे, त्यामुळे निदान अर्ज करण्यात अर्थ आहे. ती नसती तर मी स्वतःच त्याला नको म्हटलं असतं. आपली खोकी आत आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या हायवेवर, हे बरोबर नाही.

"टाइल्स जळत नाहीत" हेही तितकंसं खरं नाही. टाइल्स जळत नाहीत, पण त्यांचे पुठ्ठे, थर्माकोल आणि पीव्हीसीचे पाइप जळतात की. आणि एकदा 'गोदाम' झालं की दोन वर्षांनी तिथं टेबल येतं, मग कामगार झोपायला लागतो. जुलै 2024 मध्ये दिल्लीत राजेंद्रनगरला एका कोचिंग क्लासच्या बेसमेंटमध्ये पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. कागदावर ते बेसमेंट पार्किंग आणि सामान ठेवण्यासाठी होतं. प्रत्यक्षात तिथं लायब्ररी चालत होती.

आणि आमच्याकडचा पाऊस! पुढं आंबा घाट, जुलैत दिवसच्या दिवस थांबत नाही. भावाला म्हटलं, भिंतींचे फोटो पाठव. एका कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची सरळ रेघ दिसतेय. मालक म्हणतो, "ते जुनं हाय." असेलही.

माझं मत विचाराल तर असे अर्ज सोपे करायला हवेत. छोट्या गावात दुकानदाराला आर्किटेक्ट गाठायचा, नकाशा काढायचा, हेलपाटे घालायचे, एवढं सगळं चार-पाचशे खोक्यांसाठी जड जातं आणि मग तो कुलूप काढून सरळ माल भरतो. साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाल्याचं धरावं, अशी तरतूद कायद्यात आहे, पण प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. कागद कमी मागा, पण एक माणूस पावसाळ्यात प्रत्यक्ष खाली उतरून ती रेघ बघू दे. पंप आहे का, वीज गेली तर तो कशावर चालणार, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे तरी विचारू दे. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड रिव्ह्यूला शिव्या घालतो, पण दुसऱ्या कुणीतरी बघितल्याशिवाय रिलीज करत नाही ना?

भाऊ थोडा नाराज आहे. पंपाचं कोटेशन मागवलंय, आर्किटेक्टला मागच्या जागेचं माप घ्यायला बोलावलंय. भाडं मात्र परवानगी आल्यावरच सुरू होईल, असं मालकाकडून लिहून घे म्हटलं. त्यावर मालक अजून विचार करतोय.