बंगळूरला नदी नाही म्हणे

शिकागोला जाऊन आलेला प्रत्येक स्नेही बोटीतून काढलेले फोटो दाखवतो. एका काठावर गॉथिक थाटाचा मनोरा, दुसऱ्या काठावर मक्याच्या कणसांसारखे जुळे मरीना सिटी, शेजारी काळं पोलाद आणि काच. मग हळहळतो, ‘आपल्या बंगळूरला सगळं आहे हो, नदी तेवढी नाही.’

माझा आक्षेप या वाक्याला आहे, आणि त्यात माझाही दोष आहे. काही वर्षांपूर्वी शहराच्या वास्तुकलेवरची एक पुस्तिका मी मराठीत आणली. हे वाक्य तिच्यात होतं. मी ते निमूटपणे उतरवलं.

नदी आहे. वृषभावती. बसवनगुडीच्या नंदीपाशी तिचा उगम मानतात. म्हैसूर रस्त्याच्या कडेने ती केंगेरीकडे जाते, पुढे अर्कावतीला आणि तिच्यातून कावेरीला मिळते. लोक तिला ‘केंगेरी मोरी’ म्हणतात. इथे अनुवादकाला काहीच काम उरत नाही. मोरी कन्नडमध्ये तीच, मराठीत तीच, आणि तिच्याकडे न बघण्याची सवयही तीच.

‘पण त्या ओहोळात नाव कुठे चालणार?’ कबूल, स्वच्छ असती तरी चालली नसती. पण शिकागोची नदी तरी कुठे आयती मिळाली? तीही गटारच होती. पिण्याचं तळं वाचवण्यासाठी १९०० साली कालवा खणून तिचा प्रवाहच उलटा फिरवला. घाण मिसिसिपीच्या दिशेने गेली. खालचं मिसुरी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०६ साली हरलं. बोटीतून दिसणाऱ्या देखाव्याला हाही एक काठ आहे.

आमचाही आहे. धर्मांबुधी तलावावर बसस्थानक उभं राहिलं, संपंगी तलावावर स्टेडियम. सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरी वर चढवून आम्ही पितो आणि वापरलेलं पाणी वृषभावतीत सोडतो. खाली बैरमंगलचे शेतकरी त्याच पाण्यावर शेती करतात. १८६८ची लाल अठारा कचेरी, १९५६चं ग्रॅनाइटचं विधान सौध, त्यांच्यापुढचे काचेचे मनोरे, सगळे रस्त्यावरून जरूर बघावेत, मीही बघते. पण शिकागोच्या इमारतींनी पाण्याकडे तोंड केलं. आमच्या इमारतींनी पाठ केली, आणि पाठ केलेल्या गोष्टीला आम्ही ‘नाही’ म्हणू लागलो.

मला बोट नको. पुस्तिकेची पुढची आवृत्ती निघाली तर एवढी एक दुरुस्ती हवी. ‘नदी होती’ असंही लिहायला मी तयार नाही, कारण भूतकाळात कुणीच जबाबदार नसतं. वाक्य असं असेल: ‘बंगळूरची नदी वृषभावती. शहर तिच्याकडे पाठ करून उभं आहे.’